‘कर्जत’ वाचायला काय काय लागतं

कर्जत स्थानकाच्या पिवळ्या पाटीवरची तीन अक्षरं मोठी माणसं वाचत नाहीत. नजर पडते आणि कर्जत आलं हे कळतं, एवढंच. जूनमध्ये पहिलीत बसलेल्या मुलापुढे मात्र त्या तीन अक्षरांत तीन कोडी उभी असतात. पहिलं अक्षर क. त्यात ‘अ’ आहे, पण तो कुठेच काढलेला नाही; तो आहे असं धरून चालायचं. मग ‘र्ज’. इथे र ऐकू येतो ज च्या आधी, पण लिहिला जातो ज च्या डोक्यावर, एका छोट्या वळणानं. शेवटी त. त्यातही ‘अ’ धरलेलाच आहे, पण बोलताना आपण तो सोडून देतो आणि ‘कर्जत्’ म्हणून थांबतो. पलीकडच्या भिवपुरीत वेलांटी भ च्या आधी उभी असते आणि उच्चारात भ च्या नंतर येते. खालापूर त्या मानानं सरळ : दोन काने आणि एक दीर्घ उकार.

सहा वर्षांचं मूल ही कोडी सोडवायला लागतं, आणि तेही यातला एकसुद्धा नियम त्याला शब्दांत सांगता येत नसताना. पहिलीचा अभ्यास आपण सोपा समजतो, कारण पुस्तक पातळ असतं आणि चित्रं मोठी. पण आयुष्यातल्या सगळ्यात अवघड दोन उड्या मूल याच वर्षी मारतं. आवाज डोळ्यांना दिसू लागतो, आणि मोजणं बोटांवरून चिन्हांत जातं. या उड्यांसाठी लागणारं निम्मं बळ घरातून येतं. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर, जिथे आईबापांनी स्वतः कधी पाटी धरली नाही, त्या घरांतूनही ते येऊ शकतं.

डोक्यात जागा कशी होते

बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. चार माणसांत वाढणारं मूल आपसूक बोलू लागतं. लिहिण्याची गोष्ट निराळी. माणसाला लिपी सुचून अवघी पाचेक हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी मेंदूत वेगळा भाग घडणं शक्य नव्हतं. मग मूल वाचतं कशाच्या जोरावर?

फ्रेंच मेंदुशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहाएन यांनी याचा बराच माग काढला आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला एक पट्टा आहे. चेहरे, वस्तू, आकार ओळखण्याचं काम त्या भागात चालतं. वाचायला शिकताना त्यातलाच एक तुकडा अक्षरांच्या कामाला लागतो. दुसऱ्या कामासाठी घडलेली यंत्रणा मूल स्वतःच्या डोक्यात नव्या कामाला जुंपतं.

हे देवनागरीबाबतही तपासून झालं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, कधीच शाळेत न गेलेल्या आणि साधारण तिशीतल्या माणसांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवलं गेलं; त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. बदल वरच्या थरापुरता नव्हता. थॅलेमस आणि मेंदूस्तंभ या खोलवरच्या, उत्क्रांतीनं फार जुन्या भागांपर्यंत तो पोचला होता. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून आणखी एक गोष्ट कळते : मुलाबरोबर आईही शिकायला बसली, तर तिचाही मेंदू वळायला तयार असतो.

पालकांना घाबरवणारी एक खूण याच यंत्रणेतून येते. मूल ३ लिहायला जातं आणि ६ काढतं, कधी ६ च्या जागी ३. आपले हे दोन अंक जवळजवळ एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. रानात बिबट्या डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, तो बिबट्याच. हे क्षणात ओळखता यावं म्हणून मेंदू डाव्या-उजव्यातला फरक मुद्दाम सोडून द्यायला शिकलेला आहे. सहा वर्षं उपयोगी पडलेली ही सवय अक्षरांपुरती मोडायची, हे पहिलीतलं अदृश्य काम आहे. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत अशी उलटापालट होत राहते. तेवढ्यावरून मूल ‘मंद’ ठरत नाही.

हाताचंही तसंच. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी त्या जागी कूर्चा असते, आणि पुढच्या वर्षांत ती एकेक करून हाड होत जाते. सहाव्या वर्षी शेवटचं, वाटाण्याएवढं हाड बहुतेक मुलांत अजून तयार झालेलं नसतं. या मनगटाकडून पानंच्या पानं गिरवून घेण्यात अर्थ नाही. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, भाकरीसाठी पीठ मळणं, चिखलाचे बैल करणं, पानांचे द्रोण टाचणं यांनी बोटांना येणारी ताकद पेन्सिलीच्या कामी येते. भातखाचराच्या बांधावर दिवसभर चिखलात खेळणारं मूल लिहिण्याची पूर्वतयारीच करत असतं.

करवंद, काकड, कुर्डू

इंग्रजी मुलाला सव्वीस अक्षरं शिकायची असतात. मराठी मुलापुढे स्वर आहेत, व्यंजनं आहेत, आणि प्रत्येक व्यंजनाची बाराखडी आहे. त्यावर जोडाक्षरं. अशा शेकडो आकृत्या ओळखायला वेळ लागणारच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. कन्नडची लिपीही आपल्यासारखीच, व्यंजनाला स्वरखूण जोडणारी. ही अक्षरं पक्की व्हायला पहिलीनंतरही काही वर्षं जातात, असं त्यांना दिसलं. त्यामुळे मार्गशीर्षात मूल जोडाक्षरावर अडखळलं म्हणून ओरडू नये. ते वेळेवरच चाललेलं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि तिला पुस्तक लागत नाही. बोलण्याचे तुकडे पडतात, हे मुलाच्या कानाला कळावं लागतं. आपल्याला ‘करवंद’ म्हटलं की फळ आठवतं. वाचू पाहणाऱ्या मुलाला त्यातले चार ठोके ऐकू यायला हवेत : क, र, वं, द. जांभळाचे तीन, जां, भू, ळ. रानात जाताना, भांडी घासताना टाळ्या वाजवत हा खेळ खेळता येतो. करवंद, काकड, कुर्डू या तिघांची सुरुवात कशानं झाली? अजून कोण त्या घरातलं आहे? कुत्रा, कोंबडी, कोयता. आईला ‘क’ काढता येत नसला तरी ती तो ऐकू शकते आणि मुलाला ऐकवू शकते. ज्याला हा खेळ येतो, त्याला शाळेत फळ्यावरचा क भेटला की त्या आकाराला आवाज लगेच चिकटतो.

डोळ्यांची तयारीही घरात झालेली असते. पहिल्या पावसानंतर टाकळा, शेवळं, भारंगी निघतात. वाडीवरचं मूल त्यांतलं कोणतं खुडायचं आणि कोणतं सोडायचं, हे पानाच्या कडेवरून, देठाच्या रंगावरून सांगतं. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांत फरक असतो तो असाच, एका गाठीचा किंवा एका रेघेचा. बारीक खूण पाहून वस्तू ओळखण्यात ही मुलं आधीच तरबेज असतात. त्यांच्या नजरेचं कौतुक शाळेतही व्हावं आणि घरीही.

वाचायला मजकूर कुठून आणायचा? तो गावभर पसरलेला आहे. कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसलं की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी नावं ओळीनं येतात. पळसदरीत पहिली चार अक्षरं बिनकान्याची, म्हणून सुरुवातीला ती सोपी. केळवली आणि डोलवली यांचा शेवट सारखा, तो सापडला की मूल हरखतं. एसटीच्या पाट्या, दुकानांची नावं, बिस्किटाचा पुडा, रेशनचं कार्ड, मतदानाच्या भिंती, सगळं वाचनाचं साहित्य आहे. ‘इथे तुझ्या नावातलं अक्षर शोध’ एवढं म्हणणं पुरतं.

घरात बोलतो ती भाषा

भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवर ठाकर समाज आहे. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत कातकरी वस्त्या आहेत, गावांत कुणबी आणि आगरी घरं आहेत. या मुलांच्या तोंडात ठाकरी, कातकरी, आगरी बोली असते. बालभारती म्हणजे १९६७ मध्ये पुण्यात सुरू झालेलं राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ. त्याच्या पुस्तकातलं मराठी या मुलांना बरंचसं ओळखीचं, पण पुरतं आपलं नाही. पुस्तकात ‘वडील’ असतात आणि घरी ‘बापूस’. मूल ‘नाय’ म्हणतं, तर फळ्यावर ‘नाही’ असतं.

अशा वेळी मूल गप्प झालं, तर त्याला काही येत नाही असा समज होतो. खरं तर ते एकाच वेळी दोन कामं करत असतं, लिपी शिकण्याचं आणि नवी बोली समजून घेण्याचं. राज्यघटनेचं ३५०-अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतं, ते याच कारणानं. घरच्या बोलीत सांगितलेली गोष्ट शिक्षकांनी फळ्यावर जशीच्या तशी लिहिली, आणि मुलांनी ती वाचली, तर त्यांना उमगतं की लिहिणं म्हणजे आपलंच बोलणं ठेवून देणं.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी जाणलं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख, शिंपले, बिया, पानं हे त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. आज देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द चालतो, त्यामागची कल्पना तिथल्या आदिवासी अंगणात रुजली.

आईबापांच्या वाट्याचं काम इथे स्पष्ट आहे : भरपूर बोलणं, आणि मुलाला बोलू देणं. अमेरिकेत रेचल रोमियो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, याहून मोठ्या माणसाशी त्याची बोलण्याची देवाणघेवाण किती झाली याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या हालचालीशी अधिक होता. नुसतं सांगत सुटण्यापेक्षा मुलाच्या उत्तराची वाट पाहणं मोलाचं. भाताच्या आवणीहून परतताना ‘आज शाळेत काय झालं’ असं विचारलं की ‘काय नाय’ हेच उत्तर येतं. ‘आज कोण रडलं? का रडलं? मग बाईंनी काय केलं?’ असं विचारलं की गोष्ट सुरू होते. गोष्टीला सुरुवात, मधला भाग आणि शेवट असतो, हे ज्या मुलाला बोलण्यातून कळलं, त्याला पुढे परिच्छेद समजायला सोपं जातं. आजीनं घरच्या बोलीत सांगितलेली भुताची गोष्ट हाही पहिलीचा अभ्यासच आहे.

दहाचा गठ्ठा

अक्षरांइतकंच मोठं आश्चर्य आकड्यांत आहे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल मोजू शकतंच असं नाही. समोर सात चिंचोके ठेवा. प्रत्येकाला एकदाच बोट लावायचं, कुणाला वगळायचं नाही, शब्दांचा क्रम मोडायचा नाही, आणि शेवटी उच्चारलेला ‘सात’ हा शेवटच्या चिंचोक्याचं नाव नसून सगळ्यांची मिळून संख्या आहे हे समजायचं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची अशी पाच तत्त्वं मांडली. चिंचोके लांब पसरले तरी सातच राहतात, उजवीकडून मोजले तरी सातच, हे मूल स्वतः करून पाहिल्यावरच मानतं.

पुढची पायरी दहाची. भाताची रोपं जुडी बांधून आवणीला नेतात. सुटी रोपं मोजत बसण्यापेक्षा जुड्या मोजणं सोपं, हे त्या मुलानं पाहिलेलं असतं. शाळेतही बाई दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा करतात आणि उरलेल्यांना सुट्या म्हणतात. २३ मधला २ हा दोन काड्यांचा नसून दोन गठ्ठ्यांचा आहे, हे कळलं की मुलाच्या हाती अफाट सत्ता येते. दहा खुणा आणि त्यांच्या जागा, एवढ्यावर कितीही मोठी संख्या लिहिता येते. भारतीय गणितानं जगाला दिलेली ही देणगी वाडीवरचं मूल काड्यांच्या गठ्ठ्यातून उचलतं.

मराठी मुलाला इथे एक जादा चढण आहे. आपण लिहितो २५, आधी दोन मग पाच. बोलतो मात्र पंचवीस, आधी पाच मग वीस. म्हणून ऐकून लिहिणारं मूल ५२ लिहून बसतं. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावं पुढच्या दहाईतून एक वजा करून तयार होतात. ९९ पाशी तोही नियम सुटतो आणि येतं नव्व्याण्णव. चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ आणि एकवीसला ‘दोन-दहा-एक’ म्हणतात, म्हणून तिथल्या मुलांना दहाच्या पुढची नावं लवकर जमतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचनही दिलं गेलं, तेव्हा वाद विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची मुलांची अडचण शांतपणे समजावून सांगितली. नावं कोणती ठेवायची यावर मतभेद असू शकतात, पण अडचण खरी आहे. मूल २५ चे ५२ करतं तेव्हा रागावण्याऐवजी त्याच्यापुढे दोन गठ्ठे आणि पाच काड्या ठेवाव्यात.

घरातलं गणित शाळेत आपोआप पोचत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. भाजीचा हिशोब तोंडी, झटक्यात करणारी मुलं कागदावर मांडलेल्या साध्या उदाहरणांपुढे अडली. केवळ शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडली. जांभळं-करवंदांचे वाटे लावणाऱ्या आईबरोबर बसणाऱ्या मुलासाठी यात धडा आहे. पाच वाट्यांचे किती झाले, हे त्यानं तोंडी सांगितलं की तेच जमिनीवर खडूनं मांडायला सांगावं. बाईंनाही कळवावं की हा हिशोब करतो. दोन गणितांमधला पूल कुणीतरी बांधावाच लागतो.

दिवाळीनंतरचं वर्ष

इथल्या अनेक कातकरी घरांचं वर्ष शाळेच्या वर्षाशी जुळत नाही. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहिलीतलं मूल नेमकं अक्षर जुळवू लागलेलं असतं, तेव्हा शाळा सुटते. नव्यानं जुळलेली जोडणी सरावाशिवाय लवकर विस्कटते, म्हणून पहिलीत पडलेला खंड पुढची सगळी वर्षं जाणवतो.

कायदा या मुलाच्या बाजूनं आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क दिला. दाखला आणायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. गाव सोडण्याआधी शाळेत सांगावं, कार्ड मागावं आणि भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवावं. आजी-आजोबा गावी राहणार असतील, तर मुलाला त्यांच्यापाशी ठेवता येईल का, याचाही विचार व्हावा. भट्टीवर नेलंच, तर पुस्तक आणि पाटी बोचक्यात असू द्यावी. रोज संध्याकाळी दहा मिनिटं ती बाहेर निघाली, तरी जुळलेलं टिकून राहतं.

वर्षाच्या शेवटी काय दिसावं

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं पहिलीची अपेक्षा सांगितली आहे. आधी न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. साधी बेरीज-वजाबाकी करता यावी. बस, एवढंच. पाढे, इंग्रजी स्पेलिंगं, सुंदर वळण यांची घाई त्यात नाही.

शाळेकडूनही हात पुढे येतो. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. दाखल होणारं मूल एकेका टेबलापुढे जातं, वस्तू क्रमानं लावतं, चित्र पाहून बोलतं, मोजतं, आणि घरी काय करून घ्यायचं ते आईला सांगितलं जातं. वस्तीवर मातांचे गट होतात, त्यांना खेळांची कार्डं मिळतात. शिकलेल्या आईचंच यात काम आहे, असं नाही. बिहार आणि राजस्थानात रुक्मिणी बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात आईंना साक्षरतेचे वर्ग आणि मुलांबरोबर घरी करायचे उपक्रम दिले गेले. आईंचंही शिकणं वाढलं आणि मुलांचंही. मुलांमधला फरक लहान होता, पण मोजण्याइतका होता.

म्हणून पालकांनी शाळेत जावं. अंगठा लावणाऱ्या आईबापांनी तर नक्की जावं, मजुरीचा दिवस सांभाळून, पण जावं. आणि शिक्षकांना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाला आता कोणती अक्षरं ओळखता येतात? ते दहाचा गठ्ठा करून मोजतं का? आणि वर्गात ते बोलतं का? हे प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही, आणि त्यांची उत्तरं मिळणं हा पालकांचा हक्क आहे. ज्या मुलाच्या घरून असा प्रश्न येतो, त्याच्याकडे शिक्षकाचं लक्ष अधिक जातं, आणि त्या मुलालाही कळतं की आपण शाळेत जे करतो आहोत ते घरच्यांना मोलाचं वाटतं. पहिलीत शिकण्यासारखं यापेक्षा मोठं काही नाही.